नितळ पाण्यावरही विश्वास न ठेवणाऱ्या गाडेकर मॅडम

डॉ. निर्मला गाडेकर मॅडमना मी प्रथम पाहिले ते रसायनशास्त्र विभागात, प्रवेशाच्या दिवशी. मी गंगापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातला. माझी गुणपत्रिका बाजूला ठेवून त्यांनी विचारले, "घरी कापूस असतो का?"

"असतो, मॅडम."

"वेचणी झाल्यावर पऱ्हाटीचं काय करता?"

"थोडी चुलीला. बाकीची बांधावर पेटवतो."

"या वेळी पेटवू नका. येताना एक भारा घेऊन या."

विद्यार्थ्यालाही 'अहो' म्हणणारे कोणी मला तोवर भेटले नव्हते. कापसाच्या वाळक्या काड्यांचा भारा एसटीच्या टपावर चढवताना वाहक म्हणाले, "शहरात सरपण मिळंना व्हय?" मी भारा दोरीने आवळला.

त्याचे उत्तर मॅडमनी प्रयोगशाळेत दाखवले. काड्यांचे तुकडे बंद डब्यात, हवा जवळजवळ लागू न देता तापवून त्यांनी कोळसा केला. त्याची पूड लालभडक पाण्यात टाकली, बराच वेळ ढवळली आणि पाणी गाळून घेतले. खाली उतरलेल्या पाण्याला रंगच नव्हता. "या कोळशाला न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. रंग तिथं धरला जातो," त्या म्हणाल्या. मी पुन्हा पुन्हा ते भांडे उजेडाकडे धरून पाहत होतो. पुढे संशोधनासाठी मी त्यांच्याकडेच राहिलो.

त्याच काळात सिल्लोड रस्त्यावरच्या एका वस्तीचे गाऱ्हाणे मॅडमच्या कानावर आले. तिथे सलीमभाईंचा सूत रंगवण्याचा छोटा कारखाना होता. त्याचे पाणी नाल्यात जाई आणि नाल्यातून खालच्या धनगर वस्तीच्या विहिरीत झिरपे. विहीर गुलाबी झाली. सखुबाईंची मेंढरे त्या पाण्याला तोंड लावीनात, माणसे टँकरची वाट पाहत बसत. इकडे कारखान्याला बंदीची नोटीस लागली होती आणि कामगारांच्या पोटाचा प्रश्न उभा होता. वस्ती आणि कारखाना एकमेकांशी बोलत नव्हते. मॅडमशी मात्र दोघेही बोलत.

मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही कारखान्यात मोठ्या पिंपांतून वाळूचे आणि पऱ्हाटीच्या कोळशाचे थर लावले. पाणी नितळ उतरू लागले तशी बातमी पसरली. एका सकाळी परिसरातले एक पुढारी माणसे घेऊन आले. हार आले, मोबाइल वर झाले. पुढाऱ्यांनी पिंपाखालच्या पाण्याचा पेला भरून मॅडमपुढे धरला. "मॅडम, एक घोट घ्या. सगळ्यांची खात्री पटेल."

मॅडमनी पेला घेतला आणि ओट्यावर ठेवून दिला.

"रंग डोळ्यांना दिसत होता, म्हणून तो गेल्याचं कळलं," त्या म्हणाल्या. "जे दिसत नाही ते गेलं का, हे मला अजून माहीत नाही."

सलीमभाईंचा चेहरा उतरला. पुढारी हार तसाच ठेवून निघून गेले. गर्दीतून सखुबाई पुढे आल्या. "मंग बाई, मेंढरं पाजू का नगं?"

"नका पाजू. मी सांगेपर्यंत टँकरचंच पाणी."

वर्षानुवर्षांच्या कामाचे कौतुक दारात आले असताना इतक्या शांतपणे 'माहीत नाही' म्हणणारे माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या क्षणी मला मॅडमची भीती वाटली, आणि त्या भीतीखाली खूप मोठा आदर होता.

तपासणीत त्यांची शंका खरी ठरली. रंग गेला होता, पण क्षार आणि काही रसायने उरली होती. तेव्हा मॅडमनी ठरवले की हे पाणी बाहेर सोडायचेच नाही, पुन्हा रंगाईलाच वापरायचे. सलीमभाई घाबरले. "मॅडम, माल कच्चा उतरा तो गिऱ्हाइक पुन्हा दारात येनार नाय."

दुसऱ्या दिवशी मॅडम आपली कोरी सुती साडी घेऊन गेल्या. "आधी ही रंगवा. बिघडली तर माझी बिघडेल." साडी पक्क्या निळ्या रंगात निघाली. सलीमभाईंनी ती दोन्ही हातांवर घेऊन उन्हात धरली आणि म्हणाले, "चलता है, मॅडम. बिलकुल चलता है." वापरलेला कोळसा शेतात टाकायला कोणी मागितला तर मॅडम नाही म्हणत. "त्यातला रंग तुमच्या मातीत कशाला?" तो कोळसा भट्टीत तापवून पुन्हा पिंपातच जाई.

विहीर उपसली गेली, पावसाळ्यात भरली, पुन्हा उपसली. प्रत्येक वेळी मॅडम पाणी तपासत. शेवटी अहवाल मनासारखा आला तेव्हा त्या फोनवर न सांगता स्वतः वस्तीवर गेल्या. सखुबाईंनी विचारले, "आता पाजू?" मॅडम म्हणाल्या, "पाजा." मेंढरे हौदावर तुटून पडली. शेवटचे मेंढरू मान वर करीपर्यंत मॅडम उन्हात उभ्या होत्या.

माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला आई गावाहून आली होती. ती दाराशीच घुटमळली. मॅडमनी तिला पुढच्या खुर्चीवर बसवले आणि परीक्षकांचे प्रश्न संपल्यावर मला म्हणाल्या, "आता सगळं आईंना सांगा. मराठीत." मी सांगितले. आई पदर सावरून ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुज्या मॅडमनी मला लई मान दिला रं." पदवीपेक्षा ते वाक्य मला मोठे वाटले.

मॅडमच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी छायाचित्र मागायला परवा पुंडलिकनगरच्या त्यांच्या घरी गेलो, तर त्या गच्चीवर शेंगांची टरफले वाळवत होत्या. "फोटो राहू द्या," त्या म्हणाल्या, "आधी शेंगा फोडू लागा. टरफलांचा कोळसा कसा निघतो ते पाहू." आम्ही संध्याकाळपर्यंत शेंगा फोडत बसलो. मॅडम, तुमच्या गुडघ्यांना तो गच्चीचा जिना पुढची खूप वर्षे जड न जावो, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि तुम्ही हाक मारली की धावत येण्याचे भाग्य आम्हांला उदंड लाभो.