उजव्या कोपऱ्यातले टिंब

आकृती सुलट आहे की उलट, हे माझ्या पत्नीच्या मामांइतके अचूक सांगणारा माणूस पुण्यात दुसरा नव्हता. आणि त्या माणसाचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास उडाला तो माझ्यामुळे. ही गोष्ट मी तीन वर्षे कोणालाही सांगितली नाही, पत्नीलाही नाही. आता सांगायची, तर आधी मामांविषयी सांगायला हवे.

मामांनी खडकीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून उभे आयुष्य यंत्रांचे सुटे भाग कागदावर उतरवले. निवृत्त झाल्यावर त्यांनी सुटे भाग सोडले आणि कोडी धरली. चार आकृत्या द्यायच्या, पाचवी ओळखायची. त्यांच्या घरी पाहुण्याला पाण्याबरोबर कोडे मिळे आणि उत्तर दिल्यावर चहा. एकदा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने सुटका व्हावी म्हणून ‘क’ असे ठोकून दिले. दुर्दैवाने ते बरोबर निघाले. मामांनी त्याला खुर्चीत बसवले आणि ‘क’च का, ते समजावून सांगायला लावले. खाली गाडीचा हॉर्न वाजत राहिला. शेवटी मामी बाहेर आल्या. “अहो, सोडा त्याला. बाकीच्यांच्या घरीही स्वयंपाक व्हायचाय.”

लहान तुकड्यात अख्ख्याचेच रूप दिसावे, याचे मामांना विलक्षण वेड होते. फ्लॉवरचा तुरा मोडला की तो गड्ड्यासारखा, आणि तुऱ्याचा तुकडा मोडला की तो पुन्हा तुऱ्यासारखा. त्यामुळे मंडईत ते फ्लॉवर ताजेपणावर नव्हे, तर घडणीवर निवडत. एकच गड्डा ते बराच वेळ फिरवून पाहत राहिले, तेव्हा भाजीवाल्या बाईंनी विचारले, “काका, भाजी करायचीय का सोयरीक?” मामा गंभीरपणे म्हणाले, “डाव्या अंगाला जरा बिघडलाय.” पोळीचेही तसेच. ती त्रिकोणी कापून ते मधला त्रिकोण आधी खात, मग उरलेल्या तिन्ही त्रिकोणांतले मधले, मग उरलेल्या नऊंतले. भाजी संपून जाई, पोळी काही संपत नसे. “तुमचं चालू द्या,” मामी म्हणत, “मी उद्याची कणीक भिजवायला घेते.”

पुढे ते पुण्याच्या कडेला, मांजरी गावात नव्या इमारतीत राहायला गेले. लिफ्टसमोरच्या नक्षीदार फरश्यांपैकी एक पाव फेरा चुकवून बसवली आहे, हे त्यांना सामान उतरवतानाच दिसले. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “काका, शंभरात एक चुकली तर काय बिघडतं?” मामा म्हणाले, “नव्व्याण्णव बिघडतात.” फरशी बदलली गेली नाही. मामांनी तिच्यावर पाय द्यायचा नाही असे ठरवले आणि दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी ते तिला वळसा घालूनच लिफ्टकडे जात.

मी कसबा पेठेतल्या एका लहानशा प्रकाशनात पुस्तकांची मांडणी करतो. मामांच्या कोड्यांचे मुलांसाठी पुस्तक काढण्याची कल्पना माझीच. मामांनी प्रत्येक आकृती ट्रेसिंग पेपरच्या वेगळ्या चिठ्ठीवर शाईने काढून दिली. त्या कागदाच्या आरपार दिसते. म्हणून सुलट बाजू कळावी यासाठी प्रत्येक चिठ्ठीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी एक बारीक टिंब दिले होते. हे त्यांनी मला दोनदा सांगितले. दुसऱ्या वेळी मी किंचित हसलो होतो.

एका कोड्यात झाड होते. प्रत्येक फांदीला दोन फांद्या, त्यांतली उजवी आखूड. त्यांना पुन्हा तशाच दोन. बरोबर उत्तराची चिठ्ठी मी स्कॅनरवर उलट बाजूने ठेवली. आखूड फांद्या डावीकडे गेल्या आणि छापलेल्या पुस्तकात चारही पर्याय चुकीचे ठरले. एका शिक्षिकेने तसे कळवले. मामा ते पान मांडीवर घेऊन पुष्कळ वेळ बसले.

“जावईबापू, मूळ चिठ्ठी असेल का हो?”

“रद्दीत गेली,” मी म्हणालो. ती माझ्या खणात होती, आणि डाव्या-उजव्याचा घोळ कसा झाला, हे मी त्याच सकाळी ताडून पाहिले होते.

“मग चूक माझ्याच हातची. डोळे गेले असणार.”

डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे उत्तम असल्याचे सांगितले. मामींनी पेढे आणले. मामा मात्र अधिकच खचले, कारण डोळे शाबूत असतील तर बिघाड त्यांच्यामागे, डोक्यात असला पाहिजे. कोडी थांबली. पाहुण्यांना आल्याबरोबर चहा मिळू लागला. ती चिठ्ठी पाकिटात घालून मी मांजरीला जाई आणि तशीच परत आणी. झाले ते झाले, आता जखम कशाला उकरायची, अशी मी स्वतःची समजूत घाली. खरे म्हणजे मला त्यांच्यासमोर लहान व्हायचे नव्हते.

गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावून घेतले आणि आपली कंपासपेटी माझ्या हातात ठेवली. “तुम्ही न्या. तुम्ही काम काळजीने करता.” मामी दारात उभ्या होत्या. मामा मला लिफ्टपर्यंत पोहोचवायला आले आणि येताना त्या चुकलेल्या फरशीवर पाय देऊन, तिथेच उभे राहिले. त्यांचे तिकडे लक्षही नव्हते.

मी पेटी खाली ठेवली आणि पाकिटातून चिठ्ठी काढून त्यांना दिली. त्यांनी ती दिव्यासमोर धरली, उलटवली, पुन्हा सुलट केली.

“टिंब उजवीकडे आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“आखूड फांदीही उजवीकडेच आहे.”

“हो.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मला मात्र वर पाहणे जमेना. मी खाली फरश्यांकडे पाहत होतो, म्हणूनच मला त्यांचा पाय त्या चुकलेल्या फरशीवरून सावकाश मागे सरकताना दिसला. मग मी वर पाहिले.

“मामा, तुमची आकृती बरोबर होती. चिठ्ठी मी उलटी ठेवली, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. तीन वर्षं तुम्हाला स्वतःवर शंका घेऊ दिली. माझं चुकलं. मला क्षमा करा.”