पाणीसुद्धा न विचारणारा भाऊसो

खरं सांगा, दारात पावणा आला की तुम्ही त्याला खाऊ घालता, की त्याच्यावर ओरडता?

आमच्या कोल्हापुरात दोन्ही एकच. "आवो, बसा की! खावा की! लाजताय काय?" हे आम्ही अशा आवाजात म्हणतो, की परगावच्या माणसाला वाटावं, आता मार पडणार. माणसाला सवयीनं कळतं. कुत्र्याला कसं कळावं?

पैलवान मला मार्केट यार्डात ट्रकखाली सापडला, शेपूट पोटात घालून. नाव मीच ठेवलं. म्हटलं, नावानं तरी धीर येईल. कसला येतोय! त्यात घरमालकानं बजावलं, "दीक्षाताई, हे चौथं कुत्रं रविवारनंतर दिसलं तर मी रस्त्यावर सोडणार." घरमालकाला मी काय ते सुनावलं, कुत्र्यांचा कायदा मला तोंडपाठ आहे. पण पैलवान रस्त्यावर एक रात्र टिकला नसता, हेही खरं.

म्हणून त्याला घर शोधायला लागले. आधी पन्हाळा रोडच्या विजयसिंहांनी नेला. मोठं अंगण, मोठं मन, त्याहून मोठा आवाज. "ये की रं माझ्या राजा!" राजा कपाटामागं घुसला आणि तिथंच मुतला. मग शेजारच्या आक्कानं नेला. मटणाचा रस्सा पुढं सरकवून म्हणते कशी, "खातोस का न्हाय?" तो खाईना, तेव्हा आग्रह करायला सगळी गल्ली जमवली. संध्याकाळी पैलवान परत माझ्या दारात.

शनिवार उजाडला. त्यात कानावर आलं, की माझ्या कुत्र्यांविरुद्ध महापालिकेत अर्ज गेलाय, आणि तो दिलाय गल्लीच्या टोकाच्या भाऊसोनं.

भाऊसो म्हणजे एकटा जीव. सगळी नोकरी घरोघरी विजेचं मीटर वाचण्यात गेली. गल्लीत म्हणतात, भाऊसोकडं जायचं तर पाणी घरनं पिऊन जा. चहा सोडाच, हा माणूस "बसा"सुद्धा म्हणत नाही.

माझं डोकं फिरलं. पैलवानाची दोरी हातात होती, तशीच गेले.

"भाऊसो! अर्ज कुणी दिला?"

आवाज पार चौकात गेला. पैलवानानं दोरीला हिसडा दिला आणि थेट भाऊसोच्या कॉटखाली.

भाऊसो कॉटवर बसून भाकरी खात होता. खाली वाकला नाही. माझ्याकडंही बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाला, "मी दिला. रातभर भुंकत्यात."

"आवो, माझं कुत्रं तुमच्या कॉटखाली हाय!"

"असू दे."

"चावलं म्हंजे?"

"न्हाय चावत. जल्मभर लोकांच्या दारात गेलोय. कुत्र्याकडं बघायचं न्हाय, बोलायचं न्हाय. मीटर बघायचं."

"आणि माणसांकडं?"

"तसंच."

बसा म्हणणार कोण? उभीच राहिले. बऱ्याच वेळानं कॉटखालून नाक बाहेर आलं. भाऊसोची टाच हुंगली. भाऊसोच्या हातून भाकरीचा तुकडा खाली पडला. पडला की पाडला, देव जाणे. त्यानं तो पुढं सरकवला नाही, खा म्हणाला नाही. पैलवानानं हळूच उचलला. माणसासमोर खाताना मी त्याला पहिल्यांदाच बघत होते.

"खाल्लं की वो!" मी किंचाळले.

नाक आत.

तेव्हा कुठं भाऊसोनं माझ्याकडं बघितलं. "ताई, गप बसायला जमत नसंल तर घरला जावा. कुत्रं राहू दे."

आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकून मी गप्प निघाले.

आता पैलवान रात्रभर भुंकतो, भाऊसोच्या उंबऱ्यावर, छाती काढून. त्याच्याविरुद्ध अर्ज मात्र अजून गेलेला नाही.

आणि माझ्या गॅसच्या टाकीमागं सध्या एक काळी कुत्री दडून बसली आहे. घरमालकाला पत्ता नाही. तुमच्याकडं आलेल्या पावण्याला कुणी पाणी विचारत नसेल, नातेवाईक तुम्हाला माणूसघाणं म्हणत असतील, तर मला तुम्हीच पाहिजे आहात. या, तिला घेऊन जा. फक्त दारात आल्यावर मला हाक मारू नका.