तळं बरोबर नेणारे काका

ईडन प्रेरी या आमच्या अमेरिकन गावातल्या तमाम मराठी मंडळींत पहिला बर्फ पडल्यावर हरखून जाणारा माणूस एकच, आमच्या शेजारचे काका. बाकी आम्ही सगळे त्या दिवशी फावडी शोधतो आणि इथे यायची दुर्बुद्धी मुळात कुणाची, यावर नवरा-बायको भांडतो. काका मात्र कानटोपी घालून अंगणात उभे. एकदा त्यांचाही ड्राइव्हवे क्लीन करून द्यावा म्हणून मी बर्फ उडवायचं मशीन घेऊन गेले, तर हे आडवे आले. "थांब! कुंपणाची सावली अजून निळी आहे. दुपारपर्यंत हात लावायचा नाही!" घ्या! करायला गेले उपकार आणि ऐकून घेतलं.

पुण्याचा हा मेकॅनिकल इंजिनिअर रिटायर झाल्यावर एका रविवारी म्युझियममध्ये गेला, आणि गेल्या शतकातली जपानी निसर्गचित्रं पाहून कामातून गेला. लाकडी ठशांनी छापलेली चित्रं, त्यांत बर्फ, देऊळ, एखादी छत्री. "एकेका रंगाला वेगळा ठसा कोरतात, अगं! आणि बर्फाला ठसाच नाही, तिथे कागद कोरा सोडायचा," हे मी पन्नासदा तरी ऐकलंय, एकदा तर दाढ काढून आले होते तेव्हा. मग गॅरेजमधून गाडी बाहेर आली आणि लाकूड आत गेलं. उणे वीसमध्ये काकू गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायच्या. कागद दमट राहावा म्हणून फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी. मला दिलेल्या एका डोंगराला अजून तो वास येतो. तीन वर्षं त्यांनी नुसते डोंगरच छापले.

पुढे काकूंचे गुडघे या थंडीत चालेनात. मुलाने तिकडे उबदार क्युपर्टिनोला बोलावलं, घर विकायचं ठरलं. पण काकूंचा जीव मागच्या तळ्यात. वीस वर्षं रोज संध्याकाळी त्याला फेरी मारायच्या, आणि पलीकडून आपलं घर ओळखू यावं म्हणून स्वयंपाकघरातला दिवा मुद्दाम चालू ठेवून निघायच्या. एकदा माझ्यासमोरच त्यांना रडू फुटलं. काका म्हणाले, "रडतेस काय? तळं बरोबर घेऊन जायचं. मी छापतो."

चार महिन्यांत अकरा ठसे झाले. रंगाला रंग असा जुळलेला की केसाचा फरक नाही. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी चष्मा लावला. "अहो, छान झालंय. पण पूल डाव्या हाताला लागतो ना? हा उजवीकडे कसा गेला?"

अख्खं तळं उलटं! मूळ चित्र लाकडावर पालथं चिकटवायचं असतं, म्हणजे छापल्यावर सुलटं उमटतं. पण काकांचा कागद जाड, पालथा घातला तर रेषा दिसेनात. म्हणून साहेबांनी तो सुलटाच चिकटवला होता, पहिल्या दिवसापासून. डोंगर उलटा झाला तर कोण तक्रार करणार?

"राहू द्या हो, मला चालेल," काकू म्हणाल्या.

"मला नाही चालणार. तिथे जाऊन रोज चुकीच्या दिशेने फिरशील?"

ताबा द्यायला सहा आठवडे होते. दुसऱ्या सकाळपासून गॅरेजमध्ये पुन्हा ठकठक. अंगठ्याला पट्टी, दाढी वाढलेली. मी उपमा नेऊन द्यायचे आणि तो गार होऊन परत यायचा. "काका, जमेल का हो?" विचारलं तर म्हणाले, "जमवायचंय." शेवटच्या दिवशी सोफा उचलून मूव्हर्स दारात, आणि हे रिकाम्या ओट्यावर अकरावा ठसा घासतायत, खिडकीतल्या दिव्याचा पिवळा. कागद उचलला. काकूंनी हवेतच बोट फिरवलं, डावीकडून, पुलावरून, तळ्याला वळसा घालून दिव्यापर्यंत.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. सहा आठवडे न टेकलेला तो माणूस मटकन जमिनीवर बसला.

उलटं चित्र काकांनी जाताना माझ्या हातात ठेवलं. "आरशासमोर लाव. सुलटं दिसेल."

यंदा पहिला बर्फ पडला. मशीन घेऊन बाहेर गेले, कुंपणापाशी सावली निळी होती म्हणून तेवढा भाग सोडला. संध्याकाळी तळ्याला फेरी मारली. नवे लोक पडदे ओढून घेतात, पलीकडून घर ओळखूच येईना. कुणाची इतकी आठवण येईल, असं मला वाटलं नव्हतं. घरी येऊन बूट काढताना आरशात पाहिलं. पूल डाव्या हाताला होता, आणि काकूंच्या खिडकीत दिवा चालू होता.