साक्षीतला बकरा

कल्पना करा, उद्या तुम्हाला कुणी माईकसमोर उभं केलं आणि म्हणालं, आयुष्यात केलेलं सगळ्यात वाईट काम सांगा. वेळ सात मिनिटं. मध्ये थोडं हसू चालेल, पण शेवटी देव भेटलाच पाहिजे. समोर दीडशे प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यातल्या निम्म्यांवर तुमचं गिऱ्हाईक, एकीवर तुमची बायको. सांगाल?

आमच्यात याला साक्ष देणं म्हणतात. आमच्यात म्हणजे पिंपळगाव राजाच्या प्रार्थनाघरात. ते एक पत्र्याचं शेड आहे. गावातले लोक आम्हाला 'हालेलुयावाले' म्हणतात, आणि आम्ही ज्या पट्टीत गातो ती ऐकल्यावर त्यांना दोष देता येत नाही. तिथला माईक मी सांभाळतो. माझ्या इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाचा मंडळीला झालेला हा एकमेव उपयोग. माझं नाव हरिओम. घरचे विश्वासात आले, म्हणजे येशूला मानू लागले, तेव्हा मी पाचवीत होतो आणि नाव दाखल्यावर चढून बसलं होतं. पाहुण्यांशी माझी ओळख करून देताना आमचे पाळक आधी खोकतात.

माईकमागे बसून मी शंभरेक साक्षी ऐकल्या असतील. एक गोष्ट लक्षात आली. पापात दम नसेल तर साक्ष पडते. आमच्या पुष्पाबाई दर वर्षी उठतात आणि सांगतात, "गुडघा दुखे. आता कमी दुखते. प्रभूचे उपकार." बसतात. बाईंनी जन्मात कुणाला शिवी दिली नाही, त्यामुळं त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरलंच नाही. लोक कसंबसं 'आमेन' म्हणतात.

जानरावकाकांकडे मात्र बकरा होता.

जानरावकाका पंपाच्या जळालेल्या मोटारी भरतात, म्हणजे जुनी तार काढून नवीन तारेचे वेढे घालतात. वय छप्पन, शिक्षण सातवी नापास. मी डिप्लोमात जे आकृती काढून शिकलो ते हा माणूस मोटार नुसती हुंगून सांगतो. वीस वर्षांपूर्वी ते दारूत बुडालेले होते. त्या काळात त्यांनी भर दुपारी एक बकरा चोरला, नाल्याच्या काठी दोस्तांबरोबर शिजवला, अर्धा कच्चाच खाल्ला, आठ दिवस पोट धरून सरकारी दवाखान्यात पडले आणि तिथं शेजारच्या खाटेवरच्या माणसानं त्यांच्यासाठी प्रार्थना केली. तिथून ते विश्वासात आले. दारू सुटली ती सुटलीच. एवढं शंभर टक्के खरं आहे.

पण ते सांगण्याची त्यांची तऱ्हा! बकरा सायकलवर गोधडीत गुंडाळलेला, वाटेत गणेश सरपंच भेटतो, विचारतो, "कोन हाय बे गोधडीत?" जानराव म्हणतो, "माही सासू. ताप हाय." आणि गोधडीतून आवाज येतो, "बेंऽऽ". सरपंच म्हणतो, "खोकला बी दिसते." इथं लोक खुर्च्यांवरून पडायचे राहतात. मग एकदम आवाज खाली आणून, "पन त्याच गोधडीत, बंधूनो, माहं पाप गुंडाळेल होतं," म्हटलं की बाया डोळ्याला पदर लावतात. दुसरबीड गावच्या मंडळीनं त्यांना तीनदा बोलावलं. एकदा तर खास फर्माईश आली, "बकऱ्याची साक्ष देनारे भाऊ पाठवा."

आपल्या गावात मात्र काकांनी बकरा कधी काढला नव्हता. इथं ते म्हणत, "नाना प्रकारचे पापं केले," आणि पुढं सरकत. कारण उघड होतं. बकऱ्याचा मालक इथलाच होता.

गेल्या नाताळच्या आधीचा रविवार. दुपारी चारची सभा, शेडसमोर मंडप. जालन्याहून येणारे वक्ते वाटेत गाडी बंद पडून अडकले. पाळक शालिग्राम घाम पुसत काकांकडे आले. "जानराव, तुमीच उभे राहा. मोठी साक्ष द्या. मंडळी पांगून राह्यली."

काका उठले. मला वाटतं, त्यांना छोटीच साक्ष द्यायची होती. पण समोर दीडशे माणूस, हातात माईक, आणि चाळीस गावांत घासून गुळगुळीत झालेली जीभ. ती आपोआप निघाली. दारू झाली, पत्ते झाले, आणि काकांनी नेहमीचं वाक्य घेतलं, जे परगावी चव यावी म्हणून ते मुद्दाम घालत, "आमच्या गावात मशिदीच्या मांगं एक मंडपवाला राहते, त्याच्या दाराशी बकरा बांधेल होता. शुक्रवारची दुपार. समदे नमाजले गेलेले..."

आणि ते थांबले.

कारण मंडप कय्यूमचाचांचा होता. खुर्च्या त्यांच्या होत्या. ज्या माईकमध्ये काका बोलत होते तोही त्यांचाच होता. आणि कय्यूमचाचा माझ्या शेजारी, अॅम्प्लिफायरच्या बटणावर हात ठेवून बसले होते.

दीडशे माना वळल्या. भोंग्यातून शिट्टी वाजायला लागली. कय्यूमचाचांनी शांतपणे बटण थोडं फिरवलं, शिट्टी बंद केली आणि बसल्या जागेवरून म्हणाले, "चालू ठेव जानराव. आयकून राह्यलो."

काकांनी सासू वगळली. सरपंच वगळला. "चोरला. खाल्ला. आन् प्रभूनं मले माफ..." वाक्य तिथंच सोडून दिलं. माईक त्यांनी पाळकांच्या हातात दिला. पाळकांनी "हालेलुया" म्हटलं. साथीला कुणी नव्हतं.

सभा संपल्यावर कय्यूमचाचा खुर्च्या एकात एक घालत होते. काका जवळ गेले आणि तेही खुर्च्या उचलायला लागले. बराच वेळ दोघंही नुसत्या खुर्च्याच रचत राहिले.

"काळा, पांढऱ्या कानाचा?" चाचांनी विचारलं.

"हाव."

"शिजला होता का नीट?"

"नाई. कच्चाच होता."

"बरं झालं," चाचा म्हणाले. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "तुह्या देवाले सांगितलं. दुसरबीडले सांगितलं. चाळीस गावाले सांगितलं. रोज माह्या दारावून जातं बे, मले काऊन नाई सांगितलं?"

काकांनी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"कय्यूमभाई, मले माफ करजा."

"मी कोन माफ करनारा? बकरा माहा नव्हता. पोरीचा होता. मुबीनाचा. नऊ वर्साची होती, आपल्या हातानं पाला घाले त्याले. जाय तिच्याकडं. वरवट बकाल गावाले हाय, शिलाईचं दुकान हाय तिचं. ते म्हनन त माफ."

त्या दिवसापासून जानरावकाकांची साक्ष बिघडली. मोटार फिरते पण पाणी चढत नाही, तसं झालं. रविवारच्या प्रार्थनेत उभे राहायचे, 'प्रभूनं मले' इथपर्यंत यायचे, आणि 'माफ' न म्हणताच खाली बसायचे. फेब्रुवारीत दुसरबीडची मोठी सभा होती, तिथल्या पत्रिकेवर त्यांचं नाव छापलं होतं. पाळक शालिग्रामांनी समजावलं, "देवानं माफ केलं, जानराव. वरचं ऑफिस मंजूर करते त खालच्या टेबलाचं काय?" काका म्हणाले, "पाळकसाहेब, तुमी कधी तहसीलात गेले नाई वाटते."

जानेवारीत एका मंगळवारी मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं. शेगाव ओलांडल्यावर कानाशी पुटपुट ऐकू येऊ लागली. काका तालीम करत होते.

मुबीनाताईचं दुकान रस्त्यालाच होतं. दोन मशीन, भिंतीवर ब्लाउजांचे नमुने, गळ्यात माप घ्यायची टेप. तिनं काकांना लगेच ओळखलं. "जानरावचाचा! अब्बा बोलले होते, तुमी येसान म्हनून." काय सांगितलं होतं, ते तिनं सांगितलं नाही. स्टूल पुढं केलं आणि चहाचे कप आणून ठेवले.

काका बसले नाहीत. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं. "प्रिय बहिनी, मी जवा अंधारात होतो..."

"दुपारची गोष्ट हाय नं चाचा?" मुबीनाताई म्हणाली. "मंग अंधार कोनता?"

काकांनी डोळे उघडले. तालीम गेली वाहून. मग ते साधं बोलायला लागले. नमाजाची वेळ, गल्लीत कुणी नाही, बकरा, गोधडी. सरपंचापाशी आल्यावर अडखळले.

"सांगा नं. हसतात म्हने लोक तथी."

"हसतात."

"मी बी हसली असती. दुसऱ्याचा असता त." तिनं कापडातली टाचणी काढून डबीत टाकली. "मले एक सांगा. दोरी सुटेल होती का बांधेल होती?"

"कायची दोरी?"

"बकऱ्याची. मी शाळेत जाताना खुट्याले बांधला होता. घरी आली त बकरा नाई. अम्मी म्हने, तुनं गाठ ढिली बांधली, तुह्यापायी गेला. ईदीले साऱ्या पाहुन्याइले तेच सांगे. माही गाठ म्हंजे ढिलीच, असं ठरूनच गेलं घरात. आजबी बटन लावलं की मी तीनदा ओढून पाहते."

काका स्टुलावर बसले. हा भाग त्यांच्या साक्षीत कधी नव्हता. त्यांना माहीतच नव्हता.

"बांधेल होती," ते म्हणाले. "लय पक्की होती, पोरी. मले सुटेच ना. घाई होती, मंग पकडीनं कापली दोरी. तार कापाची पकड होती खिशात. गाठ खुट्यालेच राह्यली होती, तशीच्या तशी. कोनाले दिसू नये म्हनून मी ते खुट्यावून सरकवून काढली आन् नाल्यात फेकली."

मुबीनाताईनं फोन उचलला, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे नूरजहांचाची होत्या, तिची आई.

"अम्मी, गाठ पक्की थी."

"कौनसी गाठ?"

"बकरे की. वो काला, सफेद कानवाला. मैंने पक्की बांधी थी. चोर ने काटी."

पलीकडून भांडी वाजल्याचा आवाज आला. "कौनसा बकरा? कितने तो बकरे हुए, बेटा. तूने खाना खाया?"

मुबीनाताईनं फोन ठेवला. मग हसायला लागली. खूप हसली, टेपचं टोक डोळ्याला लावून. हसताना रडत होती की काय, मला नक्की सांगता येणार नाही. माझ्यात आणि तिच्यात दोन मशीन होत्या.

काका उठले. "मंग पोरी, आता मले माफ..."

"चहा घ्या, चाचा. थंडा होऊन राह्यला."

काकांनी चहा घेतला. तिनं आम्हाला बिस्किटंही दिली. निघताना दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आता जथी सांगसान तथी गाठीचं बी सांगजा."

फेब्रुवारीत दुसरबीडला मंडप खच्चून भरला होता. बकऱ्याची साक्ष म्हणून लोक पोराबाळांना घेऊन आले होते. काकांनी सासू सांगितली, सरपंच सांगितला, पण कसे, मोटारीचे वेढे मोजल्यासारखे. मग म्हणाले, "त्या बकऱ्याची मालकीन नऊ वर्साची होती. तिनं गाठ पक्की बांधली होती. ते तुमाले सांगाचं होतं." आणि ती गाठ कशी होती, दोन वेढे कसे, मधून टोक कसं काढलेलं, हे त्यांनी हवेत बोटं फिरवून दाखवलं. कुणी हसलं नाही. 'माफ'पर्यंत ते आलेच नाहीत, मध्येच बसले. पुष्पाबाई आमच्याबरोबर जीपमधून आल्या होत्या. त्या एकट्याच मोठ्यानं 'आमेन' म्हणाल्या.

परतताना पाळक शालिग्राम म्हणाले, "यावेळी रंगली नाई, जानराव. शेवट पाह्यजे होता."

पाळक वाटेत चहासाठी उतरल्यावर काका मला कोपर मारून हळूच म्हणाले, "हरिओम, तू शिकेल हायस. चहा देल्ला, बिस्कुट देल्ले, गाठीचं सांगजा म्हने. पन माफ केलं, असं काई ते बोलली नाई. मंग तुले काय वाटते बे, केलं का नाई केलं?"