राळेची पट्टी

लालबागच्या त्या चाळीत कुणाला कापलं, भाजलं, की डॉक्टरच्या आधी कमलआजीचं दार वाजायचं. सासूनं शिकवलेलं राळेचं मलम होतं तिच्याकडे. चिडाच्या झाडाचा वाळलेला चीक म्हणजे राळ. ती तिळाच्या तेलात वितळवायची, थोडं मेण घालायचं आणि सुती चिंधीवर थापायचं. गिरणीत बोटं चेचलेली माणसं त्यावर बरी झाली होती. नियम एकच, पट्टी आपण काढायची नाही. आपसूक सुटली की समजायचं, जखम भरली. "हात लावशील तर याद राख!" हा दम अख्ख्या चाळीनं खाल्लेला.

मग तिच्याच घरात, गणपतीचं मखर सोडताना, नवऱ्याच्या, लवूच्या तळपायात खिळा घुसला. कमलनं लगेच राळेची पट्टी लावली. लवूला साखरेचा आजार. पाय बधिर, त्यामुळे दुखणं असं नाहीच. थोड्या दिवसांनी तो म्हणाला, "कमल, वास येता गो. जरा सोडून बघ."

"राळेचोच वास तो. गप रवा," ती करवादली आणि वरून आणखी एक थर दिला. राळेचा वास मेला असतोच उग्र. त्याच्याखाली दुसरा कसला वास कोण शोधणार?

ताप चढला तेव्हा त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी कापली आणि तोंड फिरवलं. "हे कुणी लावलं?"

फणफणलेल्या तापातून लवू पुटपुटला, "मीच लावलंय." बायकोवर आळ नको म्हणून शेवटच्या घटकेलाही खोटं बोलला हो तो! पाय कापला, तरी उशीर झाला होता. लवू गेला.

बाराव्याला मुलगा रघु चारचौघांत तिच्यावर ओरडला, "तुझ्या मलमानं खाल्लं बाबांना!" तेव्हापासून तो आईशी कामापुरतंच बोलतो. कमलनं मलमाचा डबा माळ्यावर टाकला. दार वाजलं तरी ती उठेना.

हे बघवेना ते नातीला, रघुच्या अनुजाला. ती कॉलेजात जंतूंचाच अभ्यास करते. तिनं डबा उतरवला, मलम तपासायला घेऊन गेली आणि एका संध्याकाळी धावतच घरी आली.

"आजी, हा फोटो बघ! बशीत सगळीकडे जंतू वाढलेत, पण मलमाच्या ठिपक्याभोवती बघ, चंद्राला खळं पडतं तशी मोकळी जागा. राळेनं मारले त्यांना. मलम चांगलं होतं गं! पप्पांना दाखवते आत्ताच."

कमलनं तिचा फोन डोळ्यांजवळ नेला. "मग ह्यांका कसा नाय लागू पडला?"

अनुजाचा आवाज खाली आला. "जखम खोल गेली होती, आजी. मलम वरच राहतं. वेळेत पट्टी काढून बघितली असती तर..."

कमलनं फोन पालथा ठेवला. "बापाशीक सांगू नको."

"का पण? त्यांनी तुला इतकं बोलून..."

"ते म्हणालेले माका, वास येता, सोडून बघ. मीच गप केलंय त्यांका." तिला हुंदका आवरेना. "जोवर मलमाचो दोष होतो, तवसर कसातरी जगाक येत होता गो बाय."