चार ‘आणि’

माझ्या लेखाचं प्रूफ सकाळी आलं आणि तेव्हापासून मी ते हातात घेऊन घरभर फेऱ्या मारतेय. मी लिहिलं होतं, ‘बाबांनी चहा घेतला आणि कप विसळला आणि चष्मा पुसला आणि चपला घातल्या आणि ते गेले.’ त्या दिवशी ऑफिसला गेलेले बाबा परत आलेच नाहीत, त्या सकाळचं हे वाक्य. मुद्रितशोधकांनी लाल पेनानं पहिले तीन ‘आणि’ खोडून तिथे स्वल्पविराम दिलेत. तसं मोठ्यानं वाचलं की बाबा गाडी चुकत असल्यासारखे भराभरा आवरून निघतात. माझे बाबा असे कधीच निघाले नाहीत. प्रत्येक कामानंतर ते जरा रेंगाळायचे, अजून काहीतरी राहिलंय असं वाटून. एवढं रेंगाळणं स्वल्पविरामाला कुठून जमणार?

शेवटी मुद्रितशोधकांना फोन लावला.

“अहो ताई, एका वाक्यात चार ‘आणि’?” ते म्हणाले. “वाक्य संपता संपत नाही.”

“नकोच संपायला,” मी म्हणाले. “ते संपेपर्यंत बाबा घरात आहेत.”