चार ठोकळे, एक मामा आणि धुळ्याचा रस्ता

जपानी पद्धतीची लाकडी छपाई शिकायला लोक जपानला जातात. मी ती दाखवायला जळगावच्या मेहरूणहून धुळ्याला निघाले, तेही भर मे महिन्यात. अकलेची कमालच! पण तिथल्या शाळेच्या बाई म्हणाल्या होत्या, "एकदा करून दाखवा. जमलं, तर वर्गासाठी खोली देते." खोलीसाठी मी जळगाव पालथं घातलं होतं, म्हणून निघाले.

या छपाईला कागद ओलसर लागतो. ओल्या फडक्यात गुंडाळून नेला, तर एसटीत पिशवी ठिबकायला लागली. कंडक्टर म्हणाला, "ताई, मासळी शे का पिशवीमा?" अख्खी गाडी हसली. आणि हो, दुपारच्या गाडीत उजवीकडे बसू नका, अमळनेरपर्यंत ऊन सोडत नाही.

मुक्काम अमळनेरला मामांकडे. त्यांना सगळे नाना म्हणतात. मामींच्या शेवभाजीने नाकडोळे वाहत असताना नाना माझे ठोकळे निरखत होते. चित्र एकच, केळीच्या घडाचं, पण प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारीक खाच असते. कागद तिथे टेकवला की सगळे रंग आपापल्या जागी बसतात. हे नानांना सांगायचं राहिलं आणि मी झोपले.

सकाळी नानाही सोबत आले. धुळ्यात हॉल भरलेला, नाना पहिल्या रांगेत. मी ठोकळा मांडला, बोटाने खाच चाचपली. खाच नाही! दुसऱ्याला नाही, तिसऱ्यालाही नाही. कोपरे गुळगुळीत.

"कोपरा तुटेल व्हतात, पोरी," नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सकायमाच लांबी भरी, घासी टाकात बठ्ठा!"

माझ्या खाचा त्यांनी लांबीने, म्हणजे लाकडाच्या पुट्टीने, बुजवल्या होत्या! मला अस्सा राग आला! पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी ओठ चावून अंदाजाने छापत राहिले. हिरवा रंग पानाबाहेर गेला, पिवळा घड आभाळात लटकला. बाई म्हणाल्या, "आधी रंग जागेवर आणा, मग खोलीचं बघू."

घरी येऊन खाचा पुन्हा कोरल्या. नानांची लांबी दगडासारखी, पटाशीची धार गेली. चित्र नीट छापून बाईंना पाठवलं, आणि काल खोली मिळाली! आनंदाने नाचायचीच बाकी होते.

नानांना खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. रात्री त्यांचा फोन आला. "वर्गले मी बी येसू. लांबीना डबा लयी येऊ ना?"